आहोच्या वाटेवर टँकर

अ‍ॅरिझोनात आहो नावाचं गाव आहे. स्पेलिंग बघितलं तर 'अजो' वाचावंसं वाटतं, पण स्पॅनिश शब्द, म्हणून त्या 'ज'चा 'ह'. आहो म्हणजे लसूण. पहिल्यांदा तिकडं निघालो तेव्हा बायकोला सांगितलं, "शनिवारी आहोला चाललोय." ती म्हणाली, "लग्नाला सोळा वर्षं झाली, मी एकदाही अहो म्हटलं नाही, म्हणून गावच शोधून काढलंस काय?"

इथं राहायचं तर हे 'ह'चं प्रकरण शिकावं लागतं. गिला बेंड नाही, हीला बेंड. इथल्या रानडुकरासारख्या दिसणाऱ्या जनावराचं नाव हावेलीना. ते डुक्कर नव्हेच, पण ते सांगत बसलो तर टँकर राहून जाईल.

तर टँकर. जूनचा पहिला शनिवार, पहाटे साडेतीनला फिनिक्सजवळच्या चँडलरहून निघालो. पिकअपच्या मागं ट्रेलर, ट्रेलरवर १,९०० लिटरची पांढरी टाकी. गाडी चालवायला एक चौऱ्याहत्तर वर्षांचा गोरा म्हातारा. त्याला मी मनातल्या मनात तात्या म्हणतो, कारण मिशा आणि शिव्या दोन्ही आमच्या तात्यांसारख्याच. मागं आणखी दोन गाड्या, तशाच टाक्या. हे पाणी चाललं होतं डोंगरातल्या रानमेंढरांना.

मी माणचा. धनगराचा पोरगा. आमच्याकडं टँकर येतो तो माणसांना. २०१३ च्या उन्हाळ्यात मी गावी होतो. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा आणि मग बाया ते तळातून शेंदायच्या. गढूळ व्हायच्या आत ज्याला मिळालं त्याला मिळालं. आण्णा, माझे वडील, त्या वर्षी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरले होते, पाऊस पडल्यावरच परत आले. त्यामुळं माणसाने टँकर भरून, दीडशे किलोमीटर हाकून, कुणी न पाळलेल्या मेंढरांना पाणी पाजायला जायचं, हे ऐकून मी आधी हसलो होतो. ह्याला सहा वर्षं झाली.

तात्या तेव्हा माझ्या ऑफिसात होता, निवृत्तीला टेकलेला. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "शनिवारी मोकळा आहेस का? पाठ धड आहे का?" मग कळलं की हा शिकारी. शिकारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर संस्थानिकांचे फोटो येतात, मेलेल्या वाघावर बूट ठेवलेले. आपल्याकडं १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि तो शब्दच शिवीसारखा झाला, ते बरंच झालं. इथं मात्र हिशोब वेगळा आहे, आणि तो मला कळायला दोन उन्हाळे लागले.

१९३७ साली इथं एक कायदा झाला, पिटमन-रॉबर्टसन. बंदुकांवर आणि काडतुसांवर कारखान्याच्या दारातच ११ टक्के कर, पिस्तुलांवर १०. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा, आणि वाटताना राज्याचं क्षेत्रफळ आणि शिकारीची लायसन्सं किती विकली गेली हे बघायचं. म्हणजे शिकारी जास्त तर पैसा जास्त. राज्याने एक डॉलर घातला तर केंद्र तीन घालतं. इथलं गेम अँड फिश, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, हे लायसन्सं, टॅग (ठरावीक जनावर मारायचा परवाना), हा केंद्राचा वाटा आणि लॉटरीतला एक हिस्सा, ह्यावर चालतं. सर्वसाधारण करांच्या पैशावर नाही. तात्या ह्याचा फार तोरा मिरवतो. "तुझ्या त्या योगा करत डोंगर चढणाऱ्यांनी किती दिले विचार," म्हणतो. मी विचारत नाही, कारण त्यांच्यातला एक मीच आहे.

पाणी जिथं टाकतात त्याला इथं 'गझलर' म्हणतात. गझलेशी संबंध नाही, घटाघटा पिणारा असा अर्थ. उतारावर पत्र्याचं किंवा फायबरचं एक मोठं छप्पर, जमिनीलगत आडवं पसरलेलं. पाऊस पडला की त्यावरचं पाणी पन्हळीतून जमिनीखालच्या टाकीत. टाकीच्या पुढं सिमेंटचा हौद, त्याच्यात उतरायला खरबरीत उतरंड, म्हणजे कासव किंवा ससा पडला तरी चढून बाहेर यावा. शंभर चौरस मीटर छप्पर असेल आणि एक इंच पाऊस झाला तर अडीच हजार लिटर पाणी जमतं. आपल्याकडं शेततळ्याचा हिशोब असतो ना, तसाच. पहिले गझलर १९४० च्या दशकात बांधले ते लाव्हऱ्यांसाठी, मग हरणं आणि रानमेंढरांसाठी मोठे. आज राज्यभर असे सुमारे ३,००० पाणवठे आहेत. जिथं वाट नाही तिथं खातं हेलिकॉप्टरने पाणी टाकतं.

अडचण एवढीच की पाऊस पडायला लागतो. माणदेशात ४५० मिलिमीटर झाला तर आपण कपाळाला हात लावतो. फिनिक्सची वर्षाची सरासरीच १८० च्या आसपास. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला आणि अख्ख्या पावसाळ्यात विमानतळावर पाऊस मोजला गेला चार मिलिमीटर. चार. आमच्याकडं एवढ्याला पाऊस म्हणत नाहीत, 'शिंतोडा आला' म्हणतात.

तर त्या शनिवारी सहा वाजता आम्ही डांबरी सोडली. पुढं ओढ्याच्या वाळूतून नऊ किलोमीटर. टायरमधली हवा कमी करायची, टाकी हिंदकळू द्यायची नाही आणि तात्याच्या शिव्या ऐकायच्या. गझलरपाशी पोचलो तेव्हा साडेसात, उन्हाचा चटका सुरू झालेला. मी आधी हौदाभोवती एक चक्कर मारली. लेंड्या होत्या. आमच्या मेंढरांसारख्याच, पण जरा टणक, एका टोकाला निमुळत्या. एक उचलून नखाने फोडली. वरून काळी, आत हिरवट आणि ओलसर. "रात्रीची आहे," मी म्हणालो, "आणि नुसती वाळकी काडी नाही, पाला मिळालाय कुठंतरी." तात्या माझ्याकडं बघतच राहिला. पहिल्या वर्षापासून ह्या एका गोष्टीवर माझी इथं पत आहे. कोडिंगवर नाही, लेंडीवर.

पंप सुरू केला, पाईप टाकीच्या तोंडाला जोडला. पाच मिनिटं बरं चाललं. मग फट्‌ असा आवाज आला आणि जोड निसटला. आतला रबरी वायसर उन्हाने तडकला होता. तो तपासायचं काम माझं होतं, आणि आदल्या रात्री मी क्रिकेट बघत बसलो होतो. पाण्याची धार मनगटाएवढी, सरळ मुरमावर. माझं डोकंच चाललं नाही. पंप बंद करायचा सोडून मी बादली घेऊन धारेखाली बसलो. बादली भरली, दुसरी नव्हती, तर डोक्यावरची टोपी काढून धरली. तात्याने शांतपणे जाऊन पंप बंद केला. दोन-अडीचशे लिटर गेलं असेल. जमिनीने ते असं प्यायलं की पाच मिनिटांत नुसता काळा डाग राहिला.

तात्या हसत होता, मला हसू येत नव्हतं. गावात टँकरच्या पाईपातून गळणाऱ्या पाण्याखाली कळशी लावण्यावरून झालेली भांडणं मी बघितली आहेत. आई एकदा त्या भांडणात पडली होती, कोपर फुटलं होतं तिचं. तात्याला हे सांगितलं नाही. मागच्या गाडीतला वायसर काढून बसवला आणि पुढचं पाणी ओतलं. तोवर त्या ओल्या डागावर मधमाश्या आल्या होत्या. एवढ्या उजाड रानात कुठून येतात कोण जाणे, पण दहा मिनिटांत शंभरेक तरी असतील. कुणी कुणाला चावलं नाही, सगळ्यांना एकच काम होतं.

त्या बादली-टोपीच्या धांदलीत मी चोयात पाय घातला होता. चोया हा निवडुंगाचा असा प्रकार आहे की नुसतं जवळून गेलात तरी त्याचा एक गड्डा येऊन चिकटतो. हाताने काढायला गेलात तर हातालाही. तात्याच्या डोक्यावर एक केस नाही, पण खिशात कायम कंगवा असतो. त्याने तो कंगवा माझ्या पोटरीला लावला, गड्ड्याच्या खाली सरकवला आणि एका झटक्यात उडवला. काटे राहिले ते पकडीने उपटले. उपटताना मला रानमेंढ्याची गोष्ट सांगत होता, लक्ष दुसरीकडं जावं म्हणून. ती गोष्ट मी आधी चारदा ऐकली आहे.

रानमेंढ्याच्या शिकारीचा टॅग इथं सोडतीने मिळतो. जूनमध्ये अर्ज करायचा, नंबर लागला नाही तर एक बोनस पॉइंट, पुढच्या वर्षी संधी तेवढी वाढते. वाळवंटी बिगहॉर्नचा, म्हणजे ह्याच रानमेंढरांतला, एक एडका मारला की संपलं, जन्मात पुन्हा त्याच्यासाठी अर्ज नाही. तात्याने एकोणतीस वर्षं अर्ज केला. एकसष्टाव्या वर्षी नंबर लागला. त्या उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिळून बावीस दिवस तो नुसता दुर्बीण घेऊन डोंगरात बसला. शिकारीच्या सहाव्या दिवशी गोळी झाडली. मटण पाठीवर दोन खेपांत खाली आणलं, शिंगं खात्याच्या माणसाला दाखवली. "तीन दिवस कुणाशी बोललो नाही," म्हणतो. आनंदाने की कशाने, ते तो सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही.

ती कवटी त्याच्या बैठकीच्या खोलीत आहे. मी हात लावून बघितलं आहे. शिंगावर वर्षाला एक कडं उमटतं, उसाच्या पेरासारखं. वय वाढेल तशी पेरं आखूड होत जातात, पण त्यातही पाऊसपाणी कळतं. तात्या बोट ठेवून सांगतो, हे बघ, इथं चारा मिळाला, इथं नाही मिळाला. मी मोजली तर दहा भरली. टोकं घासून बोथट केलेली. शिंग वळून डोळ्यासमोर यायला लागलं की एडका ते दगडावर घासतो, असं तात्या सांगतो. आमच्या मेंढ्यांची शिंगं आण्णा करवतीने कापायचे, त्याच कारणासाठी.

ह्या कळपांना सगळ्यात मोठी भीती कुणाची, तर पाळीव मेंढराची. बंदुकीची नाही, बिबट्याएवढ्या त्या डोंगरी सिंहाचीही नाही. आपल्या मेंढराच्या नाकात जो जंतू गुपचूप राहतो, तो रानमेंढराला लागला की न्यूमोनिया होऊन कळपच्या कळप जातात. २००३ च्या अखेरीस टूसॉनजवळच्या सिल्व्हर बेल डोंगरात पाळीव शेळ्या शिरल्या, तर रानमेंढरांना डोळे आले आणि मावा, म्हणजे तोंडाला फोड येणारा रोग, झाला. दिसेनासं झाल्यावर कड्यावरच्या जनावराचं काय होणार? हे मला खात्याच्या एका जीवशास्त्रज्ञाने सांगितलं तेव्हा मी धनगर असल्याचं पाच मिनिटं लपवलं. मावा आमच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी यायचा. आई हळद आणि लोणी लावायची.

माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिने एकदा सरळ विचारलं, "बाबा, तू त्यांना पाणी देतोस, कारण मग ते लोक त्यांना मारू शकतील. हो ना?" मी पिटमन-रॉबर्टसन सांगायला सुरुवात केली, ती उठून गेली. तिचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. १९३६ साली ह्याच मेंढरांसाठी बर्नहॅम नावाच्या एका जुन्या मेजरच्या हाकेवर अ‍ॅरिझोनाच्या हजारो बॉय स्काउट पोरांनी मोहीम केली, शाळाशाळांतून पोस्टरं रंगवली, आणि १९३९ ला कोफा आणि काबेसा प्रिएता ही दोन अभयारण्यं झाली. त्या पोरांना शिकार करायची नव्हती. आज मात्र दोन्ही ठिकाणी मोजक्या टॅगांवर शिकार चालते.

कोफाचीच गोष्ट घ्या. २००० साली तिथं मेंढरं अंदाजे ८१२ होती, २००६ च्या मोजणीत ३९०. खात्यांनी घाईने डोंगरात दोन नव्या टाक्या गाडल्या. पण तो भाग कायद्याने वाईल्डरनेस, म्हणजे तिथं माणसाने काही बांधायचं नाही. पर्यावरणवाले कोर्टात गेले आणि २०१० मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी वाईट असं कोर्ट म्हणालं नाही. टाक्यांची खरंच गरज होती का, हे आधी नीट तपासलं नाही, असं म्हणालं. तात्या अजून त्या निकालावर फणफणतो. मला तो निकाल पटतो. मेंढरं कमी झाली ती तहानेने, रोगाने की सिंहाने, हे न बघता टाकी बांधायची म्हणजे ताप आला की सलाईन लावणारा डॉक्टर. पण मग मी टँकर का हाकतो? कारण हीला नदी आता वर्षातले बहुतेक दिवस वाळूच आहे, वर धरणं झाली. मधून कालवा गेला, मोठा हमरस्ता गेला. पूर्वी तहान लागली की मेंढरू दुसऱ्या डोंगरात जायचं, नदीवर जायचं. ती वाट आपण बंद केली. धरणाखालच्या गावाला टँकर पाठवतात तसाच हा टँकर.

आहोच्या पुढं काबेसा प्रिएतात प्राँगहॉर्न आहेत, काळविटाच्या अंगलटीचं जनावर. २००२ च्या दुष्काळात अमेरिकेतले सोनोरन प्राँगहॉर्न २१ उरले होते. त्यांना कुंपणात पाणी-चारा देऊन वाढवलं, मग सोडत गेले. एकवीस म्हणजे आमच्या खांडातून कोल्ह्याने एका हंगामात न्यावीत एवढी कोकरं. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी कसा दिसेनासा होत गेला ते आठवलं की मी ह्या एकवीसच्या गोष्टीवर टीका करायला कचरतो.

आणि हो, मी लाव्हरी खाल्ली. हिवाळ्याच्या सुरुवातीला तात्याने सहा आणून दिल्या, गॅम्बेल्स क्वेल, डोक्यावर पुढं झुकलेला काळा तुरा असलेली. त्याने साफ करून दाखवली. गळ्याची पिशवी फोडली तर आत मेस्कीटच्या बिया आणि हिरवा कोवळा पाला, आपल्या घोळीसारखा. हिवाळी पाऊस चांगला झाला की हा पाला येतो, पाला खाल्ला की लाव्हऱ्या अंडी घालतात, नाही तर त्या वर्षी जोडीसुद्धा जमवत नाहीत. बायकोने काळ्या तिखटात केल्या, बाजरीच्या भाकरीबरोबर. तिसऱ्या घासाला दाताखाली छर्रा आला. लेकीने फक्त रस्सा खाल्ला, आणि रस्सा खाल्ला हे कुणाला सांगू नका म्हणाली. आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "लाव्हरी? आरं, आपल्या माळाला पायात यायच्या. आता दिसत बी न्हाईत." मग थोड्या वेळाने, "तिखट कंचं व्हतं?"

मीही अर्ज करतो. शिकारीचा वर्ग केला, परीक्षा दिली, लायसन्स काढतो, पाच वर्षांचे बोनस पॉइंट साठले आहेत. नंबर लागला तर काय करीन हे ठरवलेलं नाही. तात्याला वाटतं मी झाडीन. बायकोला वाटतं मी लेंड्या मोजत बसेन. ह्या वर्षीचा निकाल आला, नंबर नाही. सहा झाले.

जुलैच्या शेवटी त्या जीवशास्त्रज्ञाने त्याच्या लॅपटॉपवर गझलरच्या कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. २०२२ पासून शिकारीच्या कामाला असे कॅमेरे वापरायला इथं बंदी आहे, हा खात्याचा, मोजणीसाठी लावलेला. आम्ही त्या शनिवारी साडेदहाला निघालो होतो. दुपारी दोन गिधाडं, मग एक रानगाढव, हौदात अर्धं शिरून घाण करून गेलेलं. संध्याकाळी सात बावन्नला तीन मेंढ्या आणि एक कोकरू. कोकराचे पुढचे पाय उतरंडीवर, तोंड पाण्यात, कान मागं. त्याने तो फोटो मला दिला.

मी तो आण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वाटलं, म्हणतील छान आहे, कुठला डोंगर, पाऊस आहे का तिकडं. रात्री त्यांचा आवाजी निरोप आला, मागं कुत्रं भुंकत होतं.

"आरं, त्या मधल्या मेंढीनं फुडचा डावा पाय टेकलेला न्हाई. खुरात काय तरी गेलंय तिच्या. त्या मानसाला सांग बघायला."

मी फोटो मोठा करून बघितला. पाय खरंच जमिनीपासून बोटभर वर होता.